खिडकी नंबर सात, दौऱ्यावर

मुख्य कार्यालयाच्या प्रतीक्षागृहात बसणाऱ्या नागरिकांना वाचायला काहीतरी असावं, अशी एक सूचना तक्रारपेटीत सापडली होती. ती मंजूर व्हायला सहा वर्षं लागली. त्यानुसार हा मजकूर लिहिण्यात येत आहे. मी स्वतः गेले चार महिने याच प्रतीक्षागृहात, खांबाजवळच्या डुगडुगत्या बाकावर बसून असल्यामुळे लेखनासाठी माझी निवड झाली. विषय मीच निवडावा असं सांगण्यात आलं. मला एकच विषय येतो.

सुरुवात एका साध्या अर्जाने झाली. ‘नकार’ नावाच्या पंक रॉक बँडला पाच गावांचा दौरा करायचा होता आणि त्यासाठी विद्रोहाचा परवाना हवा होता.

पंक रॉक म्हणजे काय हे आमच्या कक्षाच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं आहे. बेकार आणि चिडलेल्या तरुणांनी गॅरेजमध्ये, उसनवारीच्या गिटारवर, तीन सुरांत सुरू केलेला हा कलाप्रकार आहे. ज्यांना वाजवता येत नाही त्यांनीही वाजवावं, हे त्याचं मूळ तत्त्व. ‘सुरुवातीच्या कार्यक्रमांना कोणी परवानगी दिली होती याची नोंद आढळत नाही,’ असं पुस्तिकेत खेदाने म्हटलं आहे. तो खेद मीच घातला होता.

आमच्या कक्षाचं नाव विद्रोह संवर्धन कक्ष. पूर्वी ती आवाज प्रतिबंध शाखा होती आणि याच टेबलावरून याच बँडची गाणी बंद केली जात. पुढे विद्रोह हा आपला ठेवा आहे, तो जपला पाहिजे, असं वरच्या मंडळींच्या लक्षात आलं. मग दारावरची पाटी बदलली. टेबल, कपाट आणि कपाटावरचा बंद पंखा तसाच राहिला. मी तिथे विद्रोह निरीक्षक होतो. कार्यक्रमाला हजर राहायचं आणि विद्रोह अर्जात लिहिला होता तेवढाच झाला, कमी नाही की जास्त नाही, असा दाखला द्यायचा, हे माझं काम. फाटक्या पँटची फाटकी जागा चार इंचांच्या आत आहे ना, हेही मीच पट्टीने मोजत असे.

बँडमध्ये चौघं. गाणारी बाई पन्नाशीची. आवाजामुळे सगळे तिला भोंगा म्हणत आणि ती ओ देत असे. ड्रमवर तिचा भाऊ, धाकटा. धाकट्याचं वय सत्तेचाळीस. उरलेले दोघं गिटारवाले होते. संपूर्ण दौऱ्यात त्यांच्या तोंडून मी सहा वाक्यं ऐकली, त्यांतली चार गाडीच्या क्लचबद्दल होती.

अर्जातला नववा रकाना असा आहे: ‘विद्रोह कोणाविरुद्ध? (एकच लिहावे.)’ बहुतेक बँड इथे ‘समाज’ लिहितात, काही ‘सगळं’ लिहितात. असे अर्ज त्याच दिवशी मंजूर होतात, कारण समाजाकडून हरकत घ्यायला कोणी येत नाही. भोंगाने लिहिलं होतं, ‘खिडकी नंबर सात.’

कक्षप्रमुख मॅडमनी अर्ज दोनदा वाचला. “खिडकी नंबर सात बंद होऊन आठ वर्षं झाली. आता तिथे स्नेह कक्ष आहे. तिथे मशीन आहे. ते आभार मानतं.”

“मग?” भोंगा म्हणाली.

“मग जी वस्तू अस्तित्वात नाही तिच्याविरुद्ध विद्रोहाला परवानगी कशी देणार? ती नागरिकांची दिशाभूल होईल. तुम्ही ‘समाज’ लिहा ना. सगळे लिहितात.”

“समाजानं माझ्या आईला अकरा वर्षं उभं केलं नव्हतं. खिडकीनं केलं होतं.”

“ताई, लिही गं काहीतरी,” धाकटा हळूच म्हणाला. “हॉलवाले परवान्याशिवाय कुलूपच काढत नाहीत.”

“नाही लिहिणार.”

मॅडम अडवणूक करणाऱ्यांपैकी नाहीत. काम मार्गी लावणाऱ्यांपैकी आहेत. त्या म्हणाल्या, “ठीक आहे. वस्तू नाही ही अडचण असेल तर वस्तू पुरवू. सुतारकाम विभाग प्लायवुडची खिडकी करून देईल. मूळ मापाची. ती तुम्ही गाडीत घालून न्यायची आणि मंचावर ठेवायची. फक्त आत बसायला अनुभवी माणूस लागेल.”

आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. निरीक्षक होण्याआधी मी खिडकी नंबर सातवरच होतो. नोकरीला लागलो तेव्हापासून.

भोंगाने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. “तुम्ही?”

“हो.”

“तेव्हा केस होते तुम्हाला.”

“होते,” मी म्हणालो. जे खरं आहे ते नाकारण्यात अर्थ नसतो.

आता प्रकरणाची पार्श्वभूमी. भोंगाचे वडील आमच्याच गटार विभागात कामगार होते. छत्तीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी ते सकाळी सही करून कामावर आले, एका चेंबरमध्ये उतरले आणि वर आले नाहीत. आत वायू होता. बाहेरच्या कामगारांचं मस्टर खिडकी नंबर सातवर असे आणि नियम स्पष्ट होता: सकाळी सही, संध्याकाळी सही, संध्याकाळची सही नसेल तर तो दिवस गैरहजर. संध्याकाळची सही नव्हती. मी ‘गैरहजर’ लिहिलं. मला नोकरीला लागून तेव्हा चार महिने झाले होते आणि माझं अक्षर चांगलं होतं.

भोंगाच्या आईचं म्हणणं एवढंच, की तो शब्द खोडून तिथे ‘कामावर’ असं लिहावं. दुसरं तिने काही मागितलं नाही. पण मस्टरमधल्या दुरुस्तीसाठी कर्मचाऱ्याने स्वतः अर्ज करावा लागतो. ती अकरा वर्षं आली. मग यायची थांबली. का, ते आम्हाला नंतर कळलं. त्याच वर्षी भोंगाने बँड काढला. त्यांचं पहिलं गाणं एक मिनिट पन्नास सेकंदांचं. त्याचे शब्द दोनच, ‘उद्या या’, आणि ते एकेचाळीस वेळा येतात. ते शब्द माझे आहेत, पण त्यावर मी कधी हक्क सांगितला नाही.

सुतारांनी खिडकी सुरेख केली. ‘मंचावरील वस्तू शक्यतो अस्सल असाव्यात’ या नियमामुळे अभिलेख कक्षाने त्या वर्षीचं मूळ मस्टर, लाल कापडी बांधणीचं, माझ्या सहीवर बाहेर काढून दिलं. पेनही बांधलं. जुन्या खिडकीवर पेनाची सुतळी नऊ इंचांची असे, म्हणजे पेन सदैव आपल्या बाजूला राहतं आणि अर्जदाराला नुसतं दिसतं. ही सुधारणा माझी होती. तिच्याबद्दल मला त्या काळी शाबासकी मिळाली होती.

पहिल्या गावी कार्यक्रम दुपारी तीनला झाला, कारण निरीक्षकाची वेळ साडेपाचला संपते आणि निरीक्षकाशिवाय विद्रोह करता येत नाही. पंकचे चाहते प्रेमाने कलाकारांवर थुंकतात अशी परंपरा असल्याने मंचाच्या डाव्या बाजूला पिकदाणी आणि तिच्याकडे जाणारी रांग आखून दिली होती. भोंगा माझ्याकडे बोट करून किंचाळत होती, धाकटा ढोलाच्या उरावर बसल्यासारखा वाजवत होता, पोरंसोरं आणि त्यांचे बाप एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते. मी खिडकीत मस्टर उघडून बसलो होतो. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. आठ वर्षांनी कोणीतरी माझ्याकडे तोंड करून उभं होतं.

गाणं संपलं, ठरल्याप्रमाणे खिडकीची झडप पडली. ती उचलून बाहेर यायला लागलो तर समोर एक म्हातारे गृहस्थ. हातात कागद.

“साहेब, हा घेता का? नळाचं कनेक्शन नावावर करायचंय.”

“अहो, ही प्लायवुडची खिडकी आहे.”

“दिसतंय की. पण आत माणूस आहे ना?”

मी कागद हातात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि जिभेला वळण असल्यामुळे म्हणालो, “उद्या या.” दुसऱ्या दिवशी आम्ही दुसऱ्या गावी होतो. गृहस्थ तिथे आले. सोबत आणखी अकरा जण होते.

तिसऱ्या गावी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच रांग लागली. पुढे उड्या मारणारी मंडळी एकेक करून रांगेत येऊन उभी राहिली, कारण उडी मारली की नंबर जातो. मी टोकनं सुरू केली. मी ‘उद्या या’ म्हणालो की लोक समाधानाने मान हलवत आणि टोकन जपून खिशात ठेवत. काही जण घरच्या माणसांना घेऊन आले होते.

“ताई, आपल्याकडे कोणी बघतच नाहीये,” धाकटा म्हणाला. “सगळे सातनंबरकडे बघतायत.” दौऱ्यावर माझं नाव सातनंबर पडलं होतं.

चौथ्या गावच्या पोस्टरवर खिडकी मोठी होती आणि बँड खालच्या कोपऱ्यात. तिथे भोंगाने गाणं मध्येच थांबवलं. “अरे, चिडा ना!” ती माइकवरून ओरडली. “हे चिडायचं गाणं आहे.”

रांगेतल्या एका बाईने तिची समजूत काढली. “चिडलो तर नंबर जाईल, ताई. तुम्ही म्हणा, छान म्हणता. आम्ही ऐकतोय.”

शेवटच्या कार्यक्रमासाठी आम्ही निघालो तेव्हा गाडीत मी आणि भोंगा मागच्या बाजूला, मध्ये खिडकी. तिने खिडकीतून मला विचारलं, “आई आली की काय म्हणायची?”

“आधी नमस्कार म्हणायची. मग कागद सरकवायची. पावसाचे दिवस असले तर ती भिजलेली असायची, कागद कोरडा असायचा.”

“आणि तुम्ही?”

मी काय म्हणत असे ते तिला पाठ होतं.

“नियमात बसत नव्हतं ना? मग ‘होणार नाही’ असं सरळ का नाही सांगितलंत?”

“‘होणार नाही’ला वरच्यांची सही लागते. ‘उद्या या’ला लागत नाही.”

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतले कपडे काढायची. म्हणायची, साहेबांनी बोलावलंय.”

मला फार वाईट वाटलं. निरीक्षण अहवालात वाईट वाटण्यासाठी रकाना नाही, म्हणून ते इथे लिहितो.

पुढच्या वळणावर गाडी कलली, खिडकी आडवी झाली आणि पेनाची सुतळी तुटली. भोंगाने खिसे चाचपले, गिटारची एक जुनी तार काढली. “ही चालेल?”

“चालेल. नऊ इंच ठेवा.”

तिने अंदाजाने बांधली. मी मोजली नाही. माझ्या खिशात पट्टी होती. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी न मोजलेली ही एकच गोष्ट.

पाचवा कार्यक्रम याच मुख्य कार्यालयाच्या पटांगणात होता. पाच गावांची रांग फाटकाबाहेर गेली होती. तीनला धाकट्याने ठेका धरला. भोंगा माइक घेऊन मंचावरून खाली उतरली, माझ्यासमोर आली आणि म्हणाली, “टोकन द्या.” मी दिलं. नंबर होता दोनशे बारा. ती रांगेत आपल्या जागी जाऊन उभी राहिली आणि तिथून गायला लागली.

गाणं एक मिनिट पन्नास सेकंदांत संपलं नाही. ते तिचा नंबर येईपर्यंत चाललं. परवान्यात गाण्याच्या लांबीचा रकाना नव्हता. तो आता घालण्यात आला आहे. प्रत्येक माणूस पुढे येई, कागद ठेवी, मी ठेक्यात ‘उद्या या’ म्हणे, रांग एक पाऊल सरके, आणि ती एक पाऊल पुढे येऊन पुन्हा किंचाळे. तिचा घसा पावणेचारला बसला. त्यानंतर ती घोगऱ्या आवाजात गात राहिली. धाकट्याच्या हाताला फोड आले होते, पण त्याने ठेका सोडला नाही. गिटारवाल्यांपैकी एकजण म्हणाला, “चालू दे.” सहांतलं ते पाचवं वाक्य.

पाच वाजून बावीस मिनिटांनी ती खिडकीशी आली. माइक खाली ठेवला.

“नमस्कार,” ती म्हणाली आणि कागद सरकवला.

तो कागद मी ओळखला. घड्यांवर फाटला होता आणि मागून पातळ कागदाने चिकटवलेला होता. अकरा वर्षं मी तो हातात घेतला होता आणि परत दिला होता. धाकटा थांबला होता, कारण आता माझी ओळ होती. सगळं पटांगण माझ्या ओळीची वाट पाहत होतं. मी तोंड उघडलं. दोन शब्द होते, हजारो वेळा म्हटलेले, आणि ते आले नाहीत.

मग तिने आत हात घातला आणि पेन ओढलं. तार सहज तिच्याकडे गेली. खूपच लांब होती. तिने मस्टर आपल्याकडे फिरवलं. त्या मंगळवारच्या पानावर कागदाची खूण आधीच घालून ठेवलेली होती. ती कोणी घातली याची स्वतंत्र चौकशी चालू आहे. तिने एक शब्द खोडला आणि त्याच्यावर ‘कामावर’ असं लिहिलं.

धाकटा ड्रमवरून उठून आला. पानावर वाकून पाहिलं, फोड आलेला हात पँटला पुसला. “ताई,” तो म्हणाला, “अक्षर आईसारखं आलंय.”

दोघं तिथेच उभी राहिली. मी झडप पाडली नाही. मग दोनशे तेरा नंबरवाल्याने मागून विचारलं, “झालं का, ताई? जरा सरकता का पुढे?”

दुसऱ्या दिवशी परवाना रद्द झाला. मॅडमना मनापासून दुःख झालं होतं. “ओरडायला कोणी नाही म्हटलं होतं का?” त्या म्हणाल्या. “हवं तेवढं ओरडा. पण अर्जात लिहिण्याचा उल्लेख कुठेही नव्हता. हा विद्रोह मंजुरीपेक्षा जास्त झाला.”

चौकशी नेमली गेली. मला एकच प्रश्न विचारण्यात आला आहे: नोंद बदलली तेव्हा आपण खिडकीवर हजर होतात का? हजर होतो म्हटलं, तर अधिकाऱ्यासमोर अनधिकृत दुरुस्ती झाली, म्हणून ती रद्द होईल. गैरहजर होतो म्हटलं, तर दुरुस्ती कोणाच्याच ताब्यात नसताना झाली, म्हणून ती रद्द होईल. दोन्हींकडून पुन्हा जुना शब्द येतो. मात्र नियम असाही आहे, की जबाब नोंदवला जाईपर्यंत नोंद आहे तशीच ठेवावी. तिला कोणी हात लावायचा नाही.

जबाब स्नेह कक्षात नोंदवतात. मी रोज दहाला येतो, टोकन घेतो आणि खांबाजवळ बसतो. नंबर लागत नाही. पाच पंचविसाला मशीन माझे आभार मानतं आणि गाणं लावतं. हो, तेच गाणं. दौऱ्यात ते फार लोकप्रिय झाल्यामुळे कक्षाने ते विकत घेतलेलं नाही, नुसतंच घेतलं आहे, आणि नागरिकांना त्रास होऊ नये म्हणून बासरीवर बसवलं आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा पाय त्यावर ताल धरतो, तो मी रोज पाहतो. गाणं संपलं की मी उठतो आणि समाधानाने घरी जातो. त्या मंगळवारी एक माणूस कामावर होता, हे आणखी एक दिवस खरं राहिलेलं असतं. आयुष्यभर जे दुसऱ्यांना सांगितलं ते मला आता रोज सांगितलं जातं, आणि मी ते ऐकायला ठेवणीतले कपडे घालून येतो.

‘नकार’ हल्ली कुठेतरी गॅरेजमध्ये वाजवतो, परवान्याशिवाय. कुठे, याची कक्षाकडे माहिती नाही. माझ्याकडे आहे, पण मला ती कोणी विचारलेली नाही.

राहता राहिले तुम्ही. त्या दिवशी पटांगणातल्या रांगेत तुमच्यापैकी पुष्कळ जण होतात. चेहरे माझ्या लक्षात आहेत. भोंगाच्या आधी दोनशे अकरा जण त्या खिडकीशी येऊन गेले आणि पेन प्रत्येकाच्या बोटांपासून वीतभर अंतरावर होतं. नऊच इंच असणार असं समजून कोणी ते ओढून पाहिलं नाही.

हा मजकूर इथवर वाचून झाला असेल, तर तुमचा नंबर अजून आलेला नाही. आता मान वर करून उजवीकडे पाहा. पाण्याच्या पिंपाशेजारी, ‘आपला ठेवा’ अशा पाटीखाली तीच प्लायवुडची खिडकी मांडून ठेवली आहे. आत मस्टर आहे, पेन आहे आणि तार आहे. तार अजून कोणी मोजलेली नाही. ती किती लांब आहे हे मला आणि तुम्हाला, दोघांनाही आता माहीत आहे, आणि आपण दोघंही बसलो आहोत.

बाकाची अडचण होत असल्यास थोडं सरकून बसतो. मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचायला हरकत नाही.